दोनदा आलेला तास

ग्रिम्सबीच्या गोदीवर रात्री मासे तोलतात.
सकाळी सातला लिलाव.
त्याआधी प्रत्येक पेटीचं वजन, जात, बोटीचं नाव
पडद्यावर दिसायला हवं.
काम एवढंच.
पंचवीस वर्षं ते एक फाइल करत होती,
विल्फ टास्करनं पर्लमध्ये लिहिलेली,
नऊशे ओळींची.
मी पहिल्यांदा उघडली तेव्हा हसले होते.
चलांची नावं : कॉड१, कॉड२, कॉडनवा.

आमच्याकडे नव्याचे नऊ दिवस
नऊ महिने चालले.
पांढऱ्या फळ्यावर मी चौकोन काढले,
चौकोनांना बाण,
बाणांच्या वाटेत रांगा, रांगांवर पहारेकरी.
एका तराजूसाठी सतरा सर्व्हिसेस.
गॅरेथ म्हणाला, कुबरनेटीस घेऊच.
पुढच्या नोकरीच्या अर्जात बरं दिसेल,
हे तो बोलला नाही,
पण मला ऐकू आलं,
कारण माझ्याही मनात तेच होतं.

बाबा इचलकरंजीत मागांचे जॉबर.
पेटीत चाळीस हत्यारं, खिशात कायम एकच पाना.
फोनवर विचारलं, तिथं कशाकशानं काम करता गं?
मी नावं सांगत गेले. ते हं हं करत राहिले.
मग म्हणाले,
आणि रात्री बंद पडलं तर उठतं कोण?

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.
इंग्लंडात त्या रात्री दोनला पुन्हा एक वाजतो.
मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच असतं,
भिंतीवरच्या घड्याळापुरतं.
दीडला एक पेटी तोलली गेली.
तासाभरानं, पुन्हा दीडला, दुसरी.
तीच बोट, तीच जात, योगायोगानं तेच वजन.
आमच्या हुशार रांगेनं ठरवलं :
हे तर आधी येऊन गेलंय.
आणि गाळून टाकली.
अशा बेचाळीस.

सोमवारी पहाटे पावणेपाचला फोन वाजला,
तेव्हा उठले मीच.
बाजारात डोरीन लाल हातमोजे घालून उभी.
हॅडॉक बर्फात होता,
पडद्यावर नव्हता.
ती म्हणाली, पोरी, मला तो दिसतोय,
तुझ्या मशिनला का दिसत नाही?
सतरा ठिकाणचे लॉग मी सतरा खिडक्यांत उघडले.
प्रत्येक सर्व्हिस म्हणत होती, माझ्याकडे सगळं ठीक आहे.
त्या दिवशी डोरीननं लिलाव खडूनं चालवला,
पाटीवर.

दुपारी विल्फची फाइल पुन्हा उघडली.
ओळ सहाशे अकरा, वर कॉमेंट :
हा तास वर्षातून एकदा दोनदा येतो. हात लावू नका.
खाली चार ओळी. वेळ ग्रिनिचची धरलेली,
पेटीला तिचा स्वतःचा क्रमांक.
आम्ही फाइल काढून टाकली ती वाचून नव्हे,
तिचं वय बघून.

जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही.
त्या फाइलीत गंजही होता,
पासवर्ड उघडा पडलेला,
एक फंक्शन तर कुणीच कधी बोलावलं नव्हतं.
पण गंज खरवडताना
खालचा टाका कुठाय ते आधी चाचपावं.

विल्फ क्लीथॉर्प्सला लीकच्या वाफ्यात भेटला.
म्हटलं, तुम्हाला कसं सुचलं?
तो म्हणाला, सुचलं कुठलं.
पहिल्याच वर्षी साठ पेट्या घालवल्या मी.
ती ओळ अकलेनं नाही लिहिली,
लाजेनं लिहिली.
आणि मातीचे दोन लीक माझ्या हातात दिले.

आता सर्व्हिसेस चार आहेत.
पाचवी गॅरेथ जाताना घेऊन गेला,
म्हणजे तिचं वर्णन, लीड्सच्या मुलाखतीत.
एक टेस्ट आहे,
रोज रात्री तो तास दोनदा आणून बघते.

ती चढवताना कमिटच्या संदेशात
किरकोळ दुरुस्ती, असं टाईप केलं होतं.
खोडलं.
बेचाळीस पेट्या हॅडॉक, लिहिलं,
तारीख,
आणि पुढं माझं नाव.